कौल, नग एक

आमच्या बैठ्या चाळीतल्या घरावरची फुटकी कौलं बदलायची, एवढंच काम. पण मिस्त्री म्हणाला, "आधी वॉर्ड ऑफिसात विचारून या. मागनं कोणीतरी अर्ज टाकतो." तो कोणीतरी समोरच्याच खोलीत राहतो.

कायदा खरं तर माझ्या बाजूचा. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३४२ सांगतं की डागडुजीला नोटीस लागत नाही, आणि त्याच सामानाचं छप्पर घालणं ही डागडुजीच. उंची वाढवायची नाही, पोटमाळा काढायचा नाही, कौलाच्या जागी पत्रा घालायचा नाही. 'तेच सामान' दाखवायला म्हणून मी एक जुनं कौल पिशवीत घातलं. तिथेच चुकलं.

"पिशवीत काय?" गेटवरच्या वॉचमनने अडवलं.

"कौल."

त्याने ते बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं, बोटाच्या पेराने वाजवलं. "हे आत जाणार नाही. साहेबाच्या डोक्यात घातलंत तर?"

"तसा विचार नाही," मी म्हणालो. तेव्हा खरंच नव्हता.

"आमच्या गावाला देवाला कौल लावतात. उजवा दिला की काम झालं. तुम्ही साहेबाला लावायला आलात होय?" मागे रांग वाढत होती, तो संगमेश्वरला पोचला होता. "आमचंपण घर कौलारू होतं. पण माकडं! एक कौल ठेवलं नाही. शेवटी पत्रा घातला. आता पावसात बायको काय बोलते ते ऐकू येत नाही. तुम्हीपण पत्राच घाला."

"पत्र्याला परवानगी लागते."

"मग घ्या की! आलाच आहात तर."

मग त्याने वहीत लिहिलं: 'मंगळुरी कौल, नग १, कोपरा फुटका.' सही माझी. मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली काढला. म्हणजे कौल कायद्यापेक्षा तेवीस वर्षांनी थोरलं. पण बाहेर बसलं तेच.

वर साहेबाकडे दोन मिनिटांत आटोपलं.

"परवानगी लागत नाही."

"तसं लिहून द्याल?"

"लागतच नाही, तर लिहून काय देऊ?"

"आणि कोणी तक्रार केली तर?"

"तर येऊन उंची मोजू."

आमच्या मागच्या गल्लीत रातोरात दोन मजले चढले, तिथे अजून कोणाची टेप पोचलेली नाही. आम्ही विचारायला जातो, म्हणून मोजले जातो.

खाली आलो तर माझं कौल त्याच वहीवर ठेवलेलं, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून.

"राहू द्या की इथेच. फुटकंच आहे तुमचं."

"नको, लागेल."

'वस्तू परत मिळाली' यावर त्याने पुन्हा सही घेतली, आणि नेमकी सर आली. छत्री घरी, गळक्या जागेखालच्या बादलीशेजारी. बस स्टॉपपर्यंत कौल डोक्यावर धरून गेलो. एका कौलाखाली अर्धंच डोकं झाकतं.