माल्टाच्या लोकांनी इंग्रजांना नेमकं काय दिलं होतं?

माल्टाची राजधानी व्हॅलेटात, ग्रँड मास्टरच्या (बेटावर पूर्वी राज्य करणाऱ्या नाइट्सच्या प्रमुखाच्या) राजवाड्यासमोर, मेन गार्डच्या इमारतीवर, १८१४ सालचा लॅटिन लेख आहे. माल्टाकरांच्या प्रेमामुळे आणि युरोपच्या आवाजामुळे ही बेटं महान, अजिंक्य ब्रिटनकडे कायम झाली, असा त्याचा आशय. आजही हेच सांगितलं जातं : फ्रेंचांच्या तावडीतून इंग्रजांनी माल्टा सोडवला आणि कृतज्ञ लोकांनी तो त्यांना देऊन टाकला.

आधी ‘इंग्रजांनी सोडवला’ हे बघू. जून १७९८ मध्ये इजिप्तच्या वाटेवर असलेल्या नेपोलियनने सेंट जॉनच्या नाइट्सकडून, म्हणजे तिथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या संघाकडून, बेट घेतलं. तीनच महिन्यांत, २ सप्टेंबरला, चर्चच्या वस्तूंचा लिलाव मांडल्यावर बेटावरच्या एम्दिना शहरात उठाव झाला. खेडोपाडीचे लोक उठले आणि त्यांनी फ्रेंच शिबंदी व्हॅलेटा आणि बंदराच्या तटबंदीत कोंडली. तेव्हा बेटावर इंग्रज फौज नव्हती. मदतीची पहिली हाक गेली ती नेपल्सच्या राजाला, जो सिसिलीचाही राजा होता, कारण १५३० पासून नाइट्सकडे माल्टा होता तो सिसिलीच्या गादीची जहागीर म्हणून. पुढची दोन वर्षं इंग्रज आरमाराने समुद्र रोखून धरला, हे खरंच मोलाचं. त्याशिवाय फ्रेंचांना रसद मिळतच राहिली असती. पण जमिनीवरचा वेढा मुख्यतः माल्टाकरांचा होता. व्हॅलेटाच्या आत कट रचणारे पाद्री दुन मिकिएल शेरी आणि त्यांचे साथीदार जानेवारी १७९९ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. एवढं सोसूनही ५ सप्टेंबर १८०० च्या शरणागतीच्या करारावर एकाही माल्टाकराची सही नाही. करार झाला तो फ्रेंच आणि इंग्रज सेनानींमध्ये.

‘लोकांनी देऊन टाकला’ हा दावा मला जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. नाइट्स परत येण्यापेक्षा इंग्रज बरे, असं अनेकांना मनापासून वाटत होतं. फ्रान्सशी झालेल्या मार्च १८०२ च्या आमियाँ तहात इंग्लंडने बेट नाइट्सना परत द्यायचं कबूल केलं, तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांनी कडाडून विरोध केला. १५ जून १८०२ रोजी त्यांनी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात इंग्लंडच्या राजाला सार्वभौम मानलंय, पण अटी घालून : ही बेटं दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा राजाला अधिकार नाही, त्याने संरक्षण काढून घेतलं, तर दुसरा राजा निवडायचा किंवा स्वतः कारभार करायचा हक्क रहिवाशांचाच. देऊन टाकलेल्या वस्तूवर कुणी असा हक्क राखून ठेवतं का?

१८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटलं आणि इंग्रज हललेच नाहीत. १८१३ मध्ये थॉमस मेटलंड गव्हर्नर होऊन आला. १८१४ च्या पॅरिस तहातल्या सातव्या कलमाने माल्टा पूर्ण हक्क आणि सार्वभौमत्वासह इंग्लंडच्या राजाचा ठरवला. जाहीरनाम्यातली एकही अट त्या कलमात नाही.