कडक भाकरी काट्यानं खाता का, असं विचारणाऱ्या काकांना

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, म्हणून दोन दिवस थांबून आज लिहितीये. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की घरी पाहुणे येणार असले की टेबल कसं मांडायचं यावर मी जे लिहिलं ते सगळं साहेबी नाटक, सोलापुरात बसून काटा डावीकडं आणि सुरी उजवीकडं हे शिकवायची गरज काय, आपल्याकडं असले नियम कधी नव्हते, माणसं मांडी घालून बसायची आणि पोटभर जेवायची. आणि वर "कडक भाकरी पण काट्यानंच खाता का ओ ताई?"

आधी चूक कबूल करते. फोटोतल्या ताटात मीठ चुकलंय, बरोबर पकडलंत. ते वर मधोमध पाहिजे, माझं घसरून लिंबाच्या फोडीशेजारी गेलं. सासूबाईंनी पण फोटो बघितल्या बघितल्या तेच म्हटलं, फक्त जरा जास्त आवाजात.

पण मग गंमत बघा की. मिठाची जागा इकडची तिकडं झालेली तुम्हाला खटकते आणि वर म्हणता आपल्याकडं नियम नव्हते? असं कसं ओ? डावीकडं चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडं भाजी-आमटी, मधे वरणभात आणि त्यावर तूप, सगळ्यांचं वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही, मोठी माणसं उठायच्या आधी उठायचं नाही, खरकट्या हातानं वाढायचं नाही. एवढे नियम साहेबाच्या टेबलावर पण नसतील. आणि त्यातले बरेचसे उगीच केलेले नाहीत, जे बोटभर खायचं ते डावीकडं, ज्याला सारखा हात जातो ते उजव्या हाताशी.

तिकडचं पण असंच आहे. त्यांच्याकडं पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचे, सूपचा चमचा आधी येतो म्हणून तो बाहेर, सुरीची धार आपल्या प्लेटकडं, शेजाऱ्याकडं नाही. हे एक-एक करून वाढणं युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळलं, त्याला रशियन पद्धत म्हणतात, त्याआधी तिथं पण बरेच पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, म्हणजे जवळजवळ आपल्या ताटासारखंच. आणि काटा तर साहेबाचा जन्मापासूनचा नाहीच, थॉमस कोर्याट नावाच्या इंग्रज प्रवाशानं इटलीत लोक काट्यानं खातात हे बघितलं, 1611 साली छापून सांगितलं, स्वतः पण काटा वापरायला लागला तर त्याचेच लोक त्याची चेष्टा करायचे. तेव्हा काका, काट्याला हसणारे तुम्ही पहिले नाही.

मी सगळंच्या सगळं उचला असं कुठं म्हटलंय? पाण्याचंच घ्या. त्यांचा ग्लास उजवीकडं, सुरीच्या वर, कारण त्यांचा उजवा हात स्वच्छ असतो. आपला आमटीत बुडलेला. म्हणून आमच्या टेबलावर फुलपात्र डावीकडं, मी ते बदललं नाही आणि बदलणार पण नाही.

आता कडक भाकरी. नाही ओ, काट्यानं नाही खात, तुकडे उडून समोरच्याच्या चष्म्यावर बसतील! आमच्याकडं प्रत्येकापुढं एक खोल वाटी असते, भाकरी त्यात हातानं चुरायची, वरून आमटी ओतायची आणि जरा मऊ पडू द्यायची, तोवर शेंगाचटणीत दही कालवून घ्यायचं. चुरा तरी टेबलभर होतोच. म्हणून मांडीवर टॉवेलचा नॅपकिन, आपल्याच पूर्व भागातल्या मागावरचा. टॉवेल विणणाऱ्या गावात पाहुण्यांपुढं कागदाचे टिश्यू ठेवतात त्यावर तुम्ही एकदा प्रतिक्रिया लिहा, मी लगेच लाइक करते.

एक गोष्ट मात्र मी मूळ लेखात लिहिली नव्हती, तुम्ही "माणसं पोटभर जेवायची" म्हणालात म्हणून लिहिते. माणसं म्हणजे कोण? आमच्या माहेरी पंगती व्हायच्या, आधी पुरुष, मग पोरंटोरं, आणि शेवटी आई, काकू, आजी, स्वयंपाकघरातच, पातेल्याच्या बुडाशी जे राहिलंय ते. आग्रह करकरून वाढणाऱ्या बाईला कुणी एक घास आग्रह केलेला मी बघितला नाही. टेबल मांडायला लागले ते ह्यासाठी. सगळं आधीच टेबलावर आणून ठेवलं, ज्याचं त्यानं वाढून घेतलं, की वाढणारी पण बसू शकते. काटा-सुरी नंतर आली, आणि ती पण भाच्यांना हौस म्हणून.

सासूबाईंना अजून सवय नाही, स्वयंपाकघराच्या दाराजवळचीच खुर्ची पकडतात आणि चारदा उठतात. मागच्या रविवारी मीठ कमी पडलं, त्या उठायला लागल्या तर सासरेच म्हणाले, तू बस, मी आणतो. सगळे घास हातात धरून बघत बसलो. चाळीस वर्षं झाली त्या घरात, आणि आतनं आवाज आला, "अगं, मिठाचा डबा कुठला गं यातला?"