४० तासांचा आकडा वाचून धस्स झालं

ऑटिझमच्या थेरपींवरचा तुमचा लेख चांगलाय पण एबीए (कौशल्यं छोट्या पायऱ्यांत शिकवून बक्षीस देणारी थेरपी) आठवड्याला ४० तास केलं तरच मूल सुधारतं असं लिहिलंय ते पटलं नाही. हा आकडा मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातला, ४० तास थेरपी मिळालेल्या गटात फक्त १९ मुलं होती आणि कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हेपण सांगायला हवं होतं ना.

आम्ही फोंड्याचे, मुलगा ७ वर्षांचा. हात धुणं, कपडे घालणं एबीएनेच शिकवलं, एकेक पायरी आणि लगेच शाबासकी, ते मी कधीच नाकारणार नाही. पण चतुर्थीला घर माणसांनी भरलं, आरती आणि घुमटवादन सुरू झालं की कान दाबून रडायचा, तिथं उपयोगी पडली टीच (TEACCH, पुढे काय होणार ते चित्रांतून दाखवणारी) पद्धतीतली चित्रांची पट्टी, आधी पाहुणे मग आरती मग आतल्या खोलीत आजीसोबत, गेल्या वर्षी तो स्वतःच पट्टीवर बोट ठेवून आत गेला, मी तिथंच रडले.

आणि आपल्या गोव्यातलाच ऑटिझमवरचा ‘पास’ (PASS) नावाचा अभ्यास लेखात नाही याचं फार वाईट वाटलं! गोवा आणि रावळपिंडीतली ६५ मुलं, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलाय. त्यात प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आईबाबांना मुलाशी खेळतानाचा त्यांचाच व्हिडिओ दाखवून शिकवायचे, आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधायला लागली. काणकोण, सत्तरीकडच्या आईला रोज पणजीला थेरपीला येणं कसं जमणार, तिच्यासाठी यावर सविस्तर लिहा प्लीज.