ऑरलँथ म्हणजे नाव बदललेला इंद्र? अर्धीच गोष्ट ऐकून केलेला आरोप

फँटसी खेळांवर मराठीत गप्पा रंगल्या की एक विधान हमखास कानावर येतं, आणि ऐकणारे माना डोलावतात. ‘ग्लोरँथा या काल्पनिक जगातला वादळदेव ऑरलँथ म्हणजे नाव बदललेला इंद्र. वज्र काढून भाला दिला, वृत्र काढून ड्रॅगन दिला, झाला देव तयार. युरोपातले लोक त्यालाच थॉर म्हणतील, एवढाच फरक.’ याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. वादळाचा देव म्हणजे आकाशाचाच देव. त्याचे भक्त म्हणजे हाणामारी करणारे रानटी. आणि शेवटचं म्हणजे, खेळच तर आहे, देव कुठला का असेना, फासे तसेच पडणार.

मी बरीच वर्षं या जगात खेळतो आहे आणि ऑरलँथवर माझा जीव आहे, हे आधीच सांगतो. पण जीव आहे म्हणून नव्हे, तर ही चारही विधानं चुकीची आहेत म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेग स्टॅफर्ड या अमेरिकन माणसाने 1966 मध्ये, कॉलेजात असताना, ग्लोरँथाच्या कथा लिहायला सुरुवात केली. खेळ नंतर आले. 1975 मध्ये ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा पटावरचा खेळ आला आणि 1978 मध्ये ‘रूनक्वेस्ट’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. म्हणजे आधी पुराण रचलं गेलं आणि मग त्यात खेळायला जागा केली गेली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण ‘खेळासाठी घाईने जोडलेला देव’ हे चित्र इथेच कोसळतं.

आता वृत्राकडे येऊ, कारण आरोपाचा सगळा जोर तिथेच आहे. साम्य आहे, ते मी नाकारत नाही. आरोका नावाच्या निळ्या ड्रॅगनने हेलर या पावसाच्या देवाला गिळलेलं असतं, ऑरलँथ त्याला मारतो आणि पाऊस सुटतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त ज्याने वाचलंय त्याला हे ओळखीचं वाटणारच. अडवलेलं पाणी, पाणी अडवून बसलेला महासर्प, त्याला फोडणारा देव. जगातल्या कितीतरी पुराणांत ही गोष्ट आहे आणि स्टॅफर्डने पुराणांचा भरपूर अभ्यास केलेला होता. त्याने ही गोष्ट मुद्दाम घेतली असणार असंच मला वाटतं.

पण इंद्राची ओळखच वृत्रहा अशी आहे. वृत्रवध हा त्याच्या देवपणाचा गाभा आहे. ऑरलँथच्या चरित्रात आरोका हा एक प्रसंग आहे. मोठा, आवडता, पण एकच. त्याच्या भक्ताला विचारा की तुझ्या देवाने सगळ्यात मोठं काय केलं, तर तो आरोकाचं नाव घेणार नाही. तो सांगेल की माझ्या देवाने सूर्याला मारलं, आणि मग त्याला परत आणायला तो स्वतः पाताळात उतरला.

इंद्राचं साम्य सांगणारे नेमकी हीच गोष्ट सोडून देतात. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

येल्म हा सूर्य, देवांचा सम्राट. सगळं जागच्या जागी, सगळं त्याच्या हुकमात. तरुण, उर्मट ऑरलँथ त्याच्या दरबारात जाऊन त्याला आव्हान देतो. नाच, संगीत अशा स्पर्धा होतात आणि दरबार येल्मच्या बाजूने कौल देतो. मग येते शस्त्रांची पाळी. ऑरलँथ एक असं शस्त्र काढतो जे तोवर जगाला जवळजवळ ठाऊकच नसतं. मृत्यू. तलवारीच्या रूपातला मृत्यू. येल्म मरतो आणि पाताळात जातो. सूर्य गेल्यावर अंधार येतो, थंडी येते, भूक येते आणि अंधाराच्या फटीतून केऑस आत शिरतं. केऑस म्हणजे नुसती वाईट शक्ती नव्हे, जग असणंच पुसून टाकणारी गोष्ट. देव मरतात, माणसं मरतात, जग तुकड्यातुकड्यांनी नाहीसं होऊ लागतं.

ऑरलँथ लढतो, पण लढून काही होत नाही. आणि इथे गोष्ट वळते. त्याला कळतं की हे आपणच केलंय आणि आणखी कुणाला मारून ते निस्तरता येणार नाही. तो पश्चिमेला निघतो, जिथे सूर्य पडला तिकडे. सोबत कोण, ते बघा. चलाना अरॉय ही कधीच शस्त्र न उचलणारी वैद्य देवी. ल्हांकोर म्हाय हा जाणकार, इसारीझ हा व्यापारी आणि बोलणी करणारा, युर्मल हा लबाड. फ्लेश मॅन हा एक साधा मर्त्य माणूस, आणि सातवी गिन्ना जार, जिचं रूप गूढच राहतं. लढवय्यांची फौज घेऊन तो गेला नाही. पाताळात पोचल्यावर ऑरलँथ मेलेल्या येल्मसमोर उभा राहतो, परीक्षा देतो, आपला अपराध मान्य करतो, शपथ घेतो. येल्मही आपली चूक मान्य करतो. मग सगळे देव मिळून एक महातडजोड करतात, अरॅक्नी सोलारा नावाची कोळीण आपलं जाळं विणते आणि त्यातून काळ जन्माला येतो. सूर्य उगवतो. ग्लोरँथातली वर्षं या पहाटेपासूनच मोजतात. आणि सूर्य रोज संध्याकाळी पाताळात जातो, कारण तो एकदा मेलेला आहे. ऑरलँथचा अपराध पुसला जात नाही, रोज मावळताना दिसत राहतो.

आता याच्या शेजारी इंद्राला ठेवा. त्या बत्तिसाव्या सूक्ताच्या शेवटाकडे एक विलक्षण ऋचा आहे. कवी इंद्रालाच विचारतो की वृत्राला मारल्यावर तुला असं कोण दिसलं की तुझ्या हृदयात भीती शिरली आणि घाबरलेल्या ससाण्यासारखा तू नव्व्याण्णव नद्या ओलांडून पळालास? मला ही ऋचा फार आवडते. मारणाऱ्याच्या मनातली भीती हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी टिपून ठेवली. पुढे भागवतात विश्वरूपाला मारल्याचं पाप इंद्र पृथ्वी, पाणी, झाडं आणि स्त्रिया यांच्यात वाटून टाकतो, आणि वृत्राला मारल्यावर ब्रह्महत्येच्या भीतीने कमळाच्या देठात लपून बसतो. इंद्रालाही अपराध चिकटतो, म्हणजे प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पण एक देव पाप वाटून टाकतो आणि लपतो, तर दुसरा ज्याला मारलं त्याच्याच समोर जाऊन उभा राहतो. यात इंद्राला कमी लेखायचं नाही, त्याची गोष्ट वेगळ्या समाजाने वेगळ्या प्रश्नासाठी सांगितली आहे. पण नक्कल म्हणायची तर निदान उत्तर तरी सारखं हवं ना?

थॉरचं तर फार लवकर आटपतं. थॉर राजा नाही, तो राजाचा, ओडिनचा मुलगा. ऑरलँथ आपल्या टोळीचा राजा. थॉरची आई पृथ्वी आणि ऑरलँथची आई केरो फिन हा पर्वत, एवढं नातं जुळतं खरं. पण थॉर शेवटच्या युद्धात महासर्पाला मारतो आणि नऊ पावलं चालून कोसळतो. त्याची गोष्ट जगाच्या अंतावर संपते. ऑरलँथची गोष्ट अंतापर्यंत जाऊन मागे फिरते.

हा गैरसमज येतो कुठून, याचाही मला अंदाज आहे. 1976 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या एका पुरवणीत आणि पुन्हा 1980 मध्ये थॉर, इंद्र असे खरे देव थेट खेळात आले, प्रत्येकाच्या अंगी किती बळ याच्या आकड्यांसकट. त्या खेळांवर वाढलेल्या माणसाला वाटतं की सगळेच देव असे आणलेले असतात. स्टॅफर्डची वाट दुसरी होती. 1979 च्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या रूनक्वेस्टच्या पुस्तकात ऑरलँथ भेटतो तो त्याच्या पंथातून. कोण भक्त होतो, काय शपथ घेतो, कुणाशी वैर, कुणाशी सोयरीक.

‘वादळाचा देव म्हणजे आकाशाचाच देव’ हे तर ग्लोरँथात अगदी उलट आहे. तिथे अंधार, पाणी, पृथ्वी, अग्नी-आकाश आणि वारा अशी मूलतत्त्वं आहेत. आकाश आणि अग्नी एकाच रूनमध्ये, म्हणजे तत्त्वाच्या एकाच जादुई चिन्हात, बसतात आणि त्यांचा स्वामी येल्म. वारा सगळ्यात धाकटा. त्याचा जन्म झाला तेव्हा जगात त्याच्यासाठी जागाच उरलेली नव्हती. म्हणून ऑरलँथच्या बापाने, उमाथने, आपल्याच आईबापांना, पृथ्वीला आणि आकाशाला, एकमेकांपासून ढकलून दूर केलं आणि मधल्या पोकळीत पाय रोवले. ऑरलँथ त्या पोकळीचा वारस. आकाश त्याचं घर नाही, आकाश त्याचा जुना वैरी आहे. आपल्याकडे निरुक्तात यास्काने देवांचे तीन लोक सांगितलेत. पृथ्वीवर अग्नी, द्युलोकात सूर्य आणि मधल्या अंतरिक्षात वायू किंवा इंद्र. म्हणजे आपल्या परंपरेनेही वादळाच्या देवाला आकाशात न बसवता मधल्या जागेत बसवलं आहे. दोन्ही परंपरांचा आदर असेल तर निदान हा भेद तरी विसरू नये.

आता भक्तांना रानटी म्हणणं. याचा मला राग येतो, कारण ग्लोरँथातही ऑरलँथच्या लोकांना रानटी म्हणतं ते त्यांच्यावर राज्य करायला आलेलं लूनर साम्राज्य. आपण न कळत जिंकणाऱ्याची री ओढतो. हे लोक भांडतात, एकमेकांच्या गाई पळवतात, सूड घेतात, हे खरं आहे. ‘हिंसेचा पर्याय कायम असतो’ ही त्यांच्यातली म्हण आहे. पण तिच्या शेजारीच ऑरलँथच्या बायकोची, पृथ्वीदेवी एर्नाल्डाची म्हण आहे की ‘दुसरा मार्गही कायम असतो’, आणि गावाच्या सभेत दोन्ही सारख्याच वजनाने बोलल्या जातात. तिसरी म्हण सांगते की कुणीही तुझ्यावर जबरदस्ती करू शकत नाही. असं मानणाऱ्या लोकांचा राजा हुकूम सोडून चालत नाही, त्याला मन वळवावं लागतं. बाईला लढायचं असेल तर ती केस लाल रंगवून ऑरलँथच्या मुलीच्या, विंगाच्या मार्गाने जाते. आणि ऑरलँथ पाताळात गेलेला असताना त्याचं घर कोण राखतं? एल्माल, स्वतः एक सूर्यदेव, जो ऑरलँथचा इमानी सरदार आहे. सूर्याला मारणाऱ्याच्या दारात सूर्यच पहाऱ्याला उभा असतो. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या 1999 च्या संगणकीय खेळात ही एल्मालची कथा स्वतः जगून बघता येते आणि ज्याने ती एकदा पार केली तो या लोकांना रानटी म्हणेल असं मला वाटत नाही.

ग्लोरँथाच्या कालगणनेत 1621 मध्ये लूनर साम्राज्याने ऑरलँथच्या भक्तांचा व्हाइटवॉलचा किल्ला घेतला तेव्हा वारा थांबला. ऑरलँथ आणि एर्नाल्डा दोघंही जगापासून तुटले. हिवाळा संपेना, बी रुजेना. वाऱ्याच्या देवाला हरवलं तर आपणही श्वास घेऊ शकणार नाही, हे साम्राज्याच्या ध्यानात आलं नव्हतं. देव हा नुसता योद्धा नसून जग चालवणारी एक गोष्ट आहे, हे स्टॅफर्डच्या जगात असं दिसतं.

राहिलं ‘फाशांना काय फरक पडतो’. याला वादाने उत्तर देण्यापेक्षा आमच्या टेबलावर झालेलं सांगतो. एका रविवारी दुपारी आमच्यातली एक मैत्रीण ऑरलँथच्या भक्ताची भूमिका करत होती. तिच्या कागदावर वाऱ्याचा रून 85 टक्के. रूनक्वेस्टमध्ये रून 80 च्या वर गेला की खेळ चालवणारा तुम्हाला त्यावर फासे टाकायला लावू शकतो आणि टाक जमली तर त्या तत्त्वाच्या स्वभावाप्रमाणे वागावं लागतं. वाऱ्याचा स्वभाव तापट, मानी, बेभरवशाचा. शेजारच्या कुळातला एक पाहुणा चुलीपाशी बसून तिच्या भावाला लागेल असं बोलला. तिला गप्प बसायचं होतं, ती तसं म्हणालीही. फासे पडले 42, 85 च्या आत. म्हणजे टाक जमली आणि तिच्या पात्राने भाला उचलला. पाहुणा मेला.

टेबलावर कुणी बोललं नाही. दुसऱ्या कुठल्या खेळात आम्ही पुढच्या लढाईकडे गेलो असतो. पण तिने स्वतःहून सांगितलं की मी त्यांच्या गावात जाणार, एकटी, भाला घरी ठेवून. पुढचे दोन रविवार आम्ही एकही लढाई केली नाही. ती मेलेल्याच्या आईसमोर उभी राहिली. आईने तोंड फिरवलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेवटी 25 गाईंवर बोलणी ठरली आणि आमच्या कुळाकडे तेव्हा सगळ्या मिळून 31 होत्या. कागदाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने गाईंच्या रेघा मारल्या आणि एकेक खोडत गेली. हिवाळ्यात दूध पुरेल का, हे आम्ही सगळे मनात मोजत होतो. पंचविसावी रेघ खोडून झाल्यावर तिने वर बघून विचारलं की आता त्या आईला माझ्याशी बोलायचंय का. खेळ चालवणाऱ्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘ती तुला आत बोलावते आहे.’