कॅश क्लिअर करा, आजोबा

परवा एका पोराने मला सात माणसांसमोर आजोबा म्हटलं. मला नातू आहे, नाही असं नाही. पण तो घरी असतो आणि त्याला तसा अधिकार आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या, मिसरूड नुकतंच फुटलेल्या पोराला तो कुणी दिला?

कारण साधं होतं. नोव्हेंबर चालू आहे. पेन्शनर माणसाला नोव्हेंबरात जिवंत असावं लागतं, बाकीचे अकरा महिने कुणी विचारत नाही. पूर्वी शाखेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की झालं. साहेब मान वर करायचा, "काय, बरे ना?" म्हणायचा आणि सही ठोकायचा. आता हयातीचा दाखला ऑनलाइन. माझं पेन्शन जिथून येतं त्या ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण ते येत राहायला हवं. पण त्यांची साइट काही उघडेना. म्हणून मदतीच्या नंबरला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सर, एकदा कॅश क्लिअर करून बघता का?"

आता मी बँकेत ३१ वर्षं कॅशला बसलेला माणूस. संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय चहाला हात लावला नाही कधी. एकदाच दोन रुपये शॉर्ट आले होते, ते टेबलाच्या फटीत सापडले. म्हटलं, "बाई, माझी कॅश क्लिअरच असते."

"मग सर, कुकीज काढून टाका."

"त्या डॉक्टरांनी २०१९ लाच बंद केल्या."

पलीकडे शांतता. मग ती फार हळू आवाजात, बालवाडीच्या बाईंसारखी म्हणाली, "सर, तुमचं सेशन एक्स्पायर झालंय."

म्हणजे मी एक्स्पायर झालो नाही हे सांगायला फोन करतोय आणि ही मला हे सांगते. मी फोन ठेवला आणि कागदांची पिशवी घेऊन फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. 'झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वे रिझर्व्हेशन, लॅमिनेशन, बायोडेटा, मच्छरदाणी'. मच्छरदाणी का, ते विचारायचं राहिलं.

तिथे रांग होती. माझा नंबर आल्यावर त्या पोराने न बघता विचारलं, "घरी ट्राय केलं होतं? ब्राउझर कोणता?"

मी म्हटलं, "गूगल."

हसणारे सात जण होते. मी मोजले, मोजणं हाच माझा धंदा होता. पोर म्हणालं, "आजोबा, गूगल ब्राउझर नसतो."

इथे हेल्मेटवाल्याने एंट्री घेतली.

हे गृहस्थ माझ्यामागे उभे होते. साधारण माझ्याच वयाचे, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, आणि डोक्यावर हेल्मेट. काच वर केलेली. दुकानात पंखाही धड नव्हता, पण पुढचा पाऊण तास त्यांनी ते हेल्मेट काढलं नाही. का काढलं नाही याची मला अजून टोचणी आहे.

"साहेब, तुमची चूक नाही," ते आतून घुमत्या आवाजात म्हणाले. "आधी मला सांगा, रूळ आणि लोकल एकच का?"

डोंबिवलीकराला हा प्रश्न विचारायचा नसतो. मी म्हटलं, "नाही."

"झालं तर! इंटरनेट म्हणजे रूळ. त्यावरून धावणारी एक लोकल म्हणजे वेब. ईमेल ही दुसरी गाडी, रूळ तेच. लोक वेबलाच इंटरनेट म्हणतात. रूळ आधी टाकले, अमेरिकेत. ही लोकल नंतर सोडली, १९८९ साली तिचा आराखडा टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसाने जिनिव्हाला सर्न नावाच्या संशोधन संस्थेत मांडला. आणि १९९३ ला सर्नने ती जगाला फुकट देऊन टाकली. फुकट!"

"प्रिंटचे दहा रुपये," पोराने पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

"ब्राउझर म्हणजे तुमच्या डब्याची खिडकी. त्यातून बाहेरचं दिसतं. क्रोम ही एक खिडकी, फायरफॉक्स ही दुसरी. आणि गूगल म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा तो माणूस, ज्याला आपण विचारतो, ही फास्ट का स्लो? तो सांगतो, पण सांगताना आधी त्याच्या मेहुण्याच्या हॉटेलाची जाहिरात करतो."

मला हे पटलं. पटलं याचाच राग आला, कारण माझा अपमान झाला होता आणि मला तो एवढ्यात संपवायचा नव्हता. म्हणून मी खोचकपणे विचारलं, "मग ती साइट खिडकीत येते कशी? अख्खी?"

हा प्रश्न विचारायला नको होता.

हेल्मेटवाल्याने पिशवीतून मेथीची जुडी काढली, दोरा सोडला आणि रांगेकडे तोंड करून उभे राहिले. "समजा ही तुमची साइट. ही अशी जुडीच्या जुडी तारेतून येत नाही. हिच्या काड्या करायच्या. प्रत्येक काडी म्हणजे एक पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर पत्ता, आणि नंबर, कितवी काडी ते. ही ठाण्यावरून जाईल, ही पनवेलवरून. रस्ता कुठलाही, पोचायचं डोंबिवलीला. तिथे नंबर लावून परत जुडी!"

आणि त्यांनी खरोखरच रांगेतल्या माणसांच्या हातात एकेक काडी द्यायला सुरुवात केली. लोकांनी घेतल्या. हे मला अजून समजलेलं नाही. आपल्याकडे रांगेत उभ्या माणसाच्या हातात काहीही द्या, तो घेतो. पॅन कार्डवाला तरुण काडी धरून उभा. लॅमिनेशनला आलेली कॉलेजची मुलगी काडी धरून, दुसऱ्या हाताने त्याचा व्हिडिओ काढत उभी. एक काडी माझ्याकडे. शेवटी एक काकू होत्या, रेशन कार्डाच्या कामाला आलेल्या. त्यांनी काडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "जुडी केवढ्याला घेतली?"

"वीस रुपये."

"फसवलं तुम्हाला. स्टेशनजवळ दहाला दोन आहेत."

हेल्मेटवाले क्षणभर ढळले, पण सावरले. "हां, तर आता सगळ्यांनी पॅकेट पुढे पाठवा." काड्या हातोहात पुढे आल्या. तेवढ्या वेळात काकूंनी बोलता बोलता, सवयीने, काडीची पानं खुडून मुठीत घेतली होती. त्यांच्याकडून आला तो नुसता देठ.

"हे बघा!" हेल्मेटवाले एवढ्या आनंदाने ओरडले की लॅमिनेशनचं यंत्र बंद आहे का चालू, ते पोराने वळून पाहिलं. "पॅकेट पोचलं पण डेटा खराब! असं झालं की ती काडी टाकून द्यायची आणि तीच पुन्हा मागवायची."

"तीच कशी मागवणार, ती तर निवडली," काकू म्हणाल्या.

"मूळ जुडी तिकडे सर्व्हरवर, म्हणजे साइटच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असते ना. ही नक्कल."

"नक्कल वीस रुपयांना?"

मी या सगळ्यात माझा हयातीचा दाखला विसरलो नव्हतो. पण पोर विसरलं होतं, तोही काउंटरवर कोपर टेकून बघत होता. तेव्हा मी धीर करून त्यालाच विचारलं, "बाबा रे, ते कॅश क्लिअर करायचं म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे... सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर करायचं."

"ते कळलं. पण ती असते काय?"

पोर गप्प. मग म्हणालं, "ती भरते."

ही खरी गोम आहे. मला आजोबा म्हणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याला फक्त बटण माहीत होतं. उत्तर दिलं काकूंनी. त्यांचा मुलगा पुण्याला कुठल्याशा कंपनीत आहे, त्याने त्यांना सांगितलं होतं म्हणे. "अहो, माळ्यावर साखरेची मोठी बरणी असते. दरवेळी कोण शिडी लावणार? म्हणून ओट्यावर छोटा डबा भरून ठेवतो ना, ती कॅश. आता वरच्या बरणीत नवी साखर आली तरी ओट्यावरच्या डब्यात मागच्या महिन्याची, मुंग्या लागलेली. मग चहा बिघडतो. डबा रिकामा करायचा, परत वरून भरायचा."

३१ वर्षांत माझ्या बँकेत कुणी कुठलीही गोष्ट इतकी नीट समजावून सांगितलेली नाही. स्पेलिंगही वेगळं निघालं, मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लपवून ठेवणं. उच्चार मात्र रोकड्याचाच. मग त्या फोनवरच्या मुलीने 'जुन्या नकला पुसा' म्हटलं असतं तर जीभ झिजली असती का?

कुकीचं हेल्मेटवाल्याने सांगितलं. धोबी कसा कॉलरच्या आत बिब्ब्याने खूण करतो, शर्ट परत आला की ओळखतो हा कुणाचा, तसं. साइट आपल्या ब्राउझरमध्ये खूण ठेवून जाते. मुळात साइटला स्मरणशक्ती नसते, पान दाखवलं की तिने तुम्हाला विसरायचं. म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने ही युक्ती काढली. इथवर ठीक. पण आता एका धोब्याकडे शर्ट टाकला की गावातले चाळीस धोबी येऊन कॉलर बघून जातात आणि संध्याकाळी सगळे मला गुडघ्याचे पट्टे विकतात. मी गुडघ्याबद्दल एकदाच शोधलं होतं. तेही हिच्यासाठी.

एकूण या लोकांनी आपल्या घरातलेच शब्द उचलले. खिडकी, बिस्किट, पत्ता, ढग. त्यांना भलते अर्थ चिकटवले, आणि आपण जुना अर्थ धरला की आपण अडाणी. पोर म्हणालं, "तुमचे डॉक्युमेंट क्लाउडवर असतील." आमच्याकडे ढगात गेला म्हणजे काय ते पेन्शनरला सांगायला नको. आणि ढग वर कुठेच नाही, ऐरोलीला आहे. खरंच, ऐरोली-महापेकडे मोठाल्या इमारती आहेत, आत नुसती कॉम्प्युटरची कपाटं, चोवीस तास एसी. आणि हवेतून येतं वाटणारं हे इंटरनेट परदेशातून समुद्राच्या तळाने, केबलमधून येतं आणि वर्सोव्याला किनाऱ्याला लागतं, बोंबिलासारखं. मग त्याला ढग का म्हणायचं? कपाट म्हणा.

माझ्या घरच्या कनेक्शनचंच घ्या. जाहिरातीत वेग १०० एमबीपीएस. मी एक फाइल उतरवायला लावून घड्याळ धरलं, सेकंदाला बारा मेगाबाइटच्या वर काटा जाईना. तक्रार केली तर म्हणे ते मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाहीत, आठ बिटांचा एक बाइट, आठाने भागा. म्हणजे साडेबारा. दोन्हींचं लघुरूप एमबीच, 'बी' लहान की मोठा एवढाच फरक. मी खातेदाराला शंभराचा आकडा दाखवून हातात साडेबारा ठेवले असते तर मला मेमो मिळाला असता. यावर मी तीन ईमेल पाठवले आहेत. उत्तर देणारा यंत्रमानव आहे, तो दरवेळी माझ्या संयमाबद्दल आभार मानतो.

आता माझी बायको म्हणते की मीही कॅशच्या खिडकीत बसून म्हाताऱ्या बायकांना 'बेअरर का ऑर्डर', 'क्लिअरिंगला गेलाय', 'काउंटरफॉइल भरा' असं ओरडायचो. ते वेगळं. माझ्यामागे टोकनं पडलेली असायची.

शेवटी पोराने साइट उघडली. तिने मला आधी विचारलं, तुम्ही रोबोट नाही ना? हयातीच्या आधी मनुष्यत्व. नऊ चित्रांतून झेब्रा क्रॉसिंग निवडा. डोंबिवलीच्या माणसाला हा प्रश्न! मी दोनदा चुकलो. काकूंनी खांद्यावरून बघून बरोबर चित्रं दाखवली. मग यंत्रावर अंगठा. तो लागेना. पुसला, पुन्हा ठेवला, लागेना. आयुष्यभर ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या, रेषा राहिल्यात कुठे? हेल्मेटवाले म्हणाले, "कनेक्शनचा दोष नाही साहेब, हार्डवेअर जुनं आहे." शेवटी डाव्या हाताच्या करंगळीने मला जिवंत ठरवलं.

हेल्मेटवाल्यांनी काड्या गोळा करून मोजल्या. एक कमी आली. त्यांनी सगळ्यांकडे संशयाने पाहिलं, "पॅकेट लॉस" असं पुटपुटत दोरा बांधला आणि निघून गेले. त्यांचं दुकानात काय काम होतं, ते पोरालाही माहीत नव्हतं. गेले ते चालतच. दाराशी एकही स्कूटर नव्हती.

ती काडी संध्याकाळी माझ्या शर्टाच्या खिशात निघाली. हिने विचारलं, "हे काय?" मी पॅकेट म्हणणार होतो, पण तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला: आपला हयातीचा दाखला मिळाला आहे, खात्रीसाठी खालील लिंकवर क्लिक करा.

"अजिबात हात लावू नका," ही म्हणाली. "लिंक उघडली की पैसे जातात. टीव्हीवर सांगतात."

तर सध्या मी दाखल झालोय, पण खात्री व्हायची आहे. मदतीच्या नंबरवर सनई चालू आहे.