आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणून डेंग्यूतून सुटका होत नाही

पावसाळा लागला की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. कुणी कॉलनीच्या ग्रुपवर टाकतं, कुणी दहावीच्या बॅचच्या, कुणी भिशीच्या. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर एकच: "डेंग्यूच्या आयजीजी अँटिबॉडीची टेस्ट करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर अभिनंदन! तुम्हाला डेंग्यू होऊन गेला आहे, आता आयुष्यभर भीती नाही. आकडा जितका मोठा तितकी इम्युनिटी जास्त. परत झालाच तर अगदी हलका होईल. निगेटिव्ह आली तर तुम्हाला कधी झालाच नाही." खाली जोडलेले हात आणि "एका मोठ्या डॉक्टरांकडून". डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. (अँटिबॉडी म्हणजे संसर्गानंतर शरीर बनवतं ती, विषाणूला चिकटणारी प्रथिनं. आयजीजी हा त्यातला वर्षानुवर्षं टिकणारा प्रकार.)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. हा मेसेज फिरला की काउंटरवर धडधाकट माणसं येतात. ताप नाही, अंगदुखी नाही, "ती इम्युनिटीची टेस्ट करा" एवढंच म्हणणं. लॅबचा गल्ला भरतो, तेव्हा खरं तर मी गप्प बसायला हवं. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे आणि एक ओळ तर चक्क उलटी आहे. त्या उलट्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

"परत झालाच तर अगदी हलका होईल." डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार प्रकारचे आहेत: डेन-१ ते डेन-४. चारही आपल्या देशात फिरतात. डेन-१ होऊन गेला की डेन-१ सहसा परत होत नाही, इथपर्यंत ठीक. बाकीच्या तिघांपासून मिळणारं संरक्षण मात्र तात्पुरतं असतं, काही महिन्यांचं. ते ओसरल्यावर दुसऱ्या प्रकारचा विषाणू शिरला, की पहिल्या वेळच्या अँटिबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, पण निकामी करू शकत नाहीत. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं कामच असं, की अँटिबॉडी चिकटलेली वस्तू दिसली की ती गिळायची. इथे त्या जिवंत विषाणू गिळतात, आणि त्याला वाढायला नेमक्या याच पेशी हव्या असतात. पोलिसानं चोराला धरावं आणि बेड्या न घालता आपल्याच जीपमधून बँकेच्या तिजोरीपाशी नेऊन सोडावं, तसला प्रकार.

ही नुसती प्रयोगशाळेतली कल्पना नाही. क्युबात १९७७ साली डेन-१ ची साथ आली. त्रास फारसा झाला नाही. १९८१ मध्ये डेन-२ आला आणि सुमारे ३ लाख ४४ हजार लोक आजारी पडले, १५८ दगावले. गंभीर झालेल्यांत बहुतेक जण असे, ज्यांना आधी डेन-१ होऊन गेला होता. पुढे १९९७ मध्ये सँतियागो दे क्युबा या शहरात डेन-२ परत उगवला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते प्रौढ. मधल्या काळात जन्मलेली मुलं त्यातून वाचली, कारण त्यांनी पहिली साथ पाहिलेलीच नव्हती. म्हणजे वीस वर्षांपूर्वीची अँटिबॉडी वीस वर्षांनी नडली.

त्याहून चमत्कारिक गोष्ट तान्ह्या बाळांची. बँकॉकमध्ये स्कॉट हॉल्स्टेड या अमेरिकी संशोधकांनी साठच्या दशकापासून यावर काम केलं. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आयुष्यातला पहिलाच डेंग्यू होत होता, तरी तो गंभीर होत होता. का? आईकडून नाळेतून आलेल्या अँटिबॉडी. जन्मल्यावर त्या भरपूर असतात, तेव्हा बाळ सुरक्षित. सहा-आठ महिन्यांत त्या कमी होतात. विषाणूला चिकटण्यापुरत्या उरतात, त्याला रोखण्यापुरत्या नाही. टेस्ट केली असती तर त्या बाळाचीही आयजीजी पॉझिटिव्ह आली असती. अभिनंदन कुणाचं करायचं?

इथे कुणी घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो: दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. गंभीर होणारे थोडेच. पण धोका वाढतो तो दुसऱ्या वेळी, आणि मेसेज नेमका तिथेच निर्धास्त राहा म्हणतो.

"आकडा जितका मोठा तितकी इम्युनिटी जास्त." हे लोकांच्या डोक्यात कुठून आलं ते मला कळतं. कावीळ-बी ची लस घेतलेल्या नर्सचं रक्त तपासतात, तेव्हा अँटिबॉडीची पातळी १० च्या वर आली की संरक्षण आहे असं धरतात. तो १० चा आकडा वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून ठरलेला आहे आणि जगभर तोच मानतात. डेंग्यूसाठी असा ठरलेला आकडा नाही. तुमच्या रिपोर्टवर जे २.८ किंवा ३५ लिहिलेलं असतं, ते त्या कंपनीच्या किटचं स्वतःचं माप असतं. किट बदलली की आकडा बदलतो. मानाग्वा, निकाराग्वाची राजधानी. तिथल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर डेंग्यूचा धोका सर्वात जास्त निघाला तो मधल्या पातळीच्या अँटिबॉडी असलेल्या मुलांना. अजिबात नसलेल्यांना त्याहून कमी, भरपूर असलेल्यांनाही कमी. मग सांगा, २.८ म्हणजे खालचा, मधला की वरचा? मला सांगता येणार नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्या लॅबवर विश्वास ठेवू नका.

"पॉझिटिव्ह आली म्हणजे डेंग्यू होऊन गेला." बहुधा हो, पण नक्की नाही. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर हे एकाच खानदानातले विषाणू. एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये रेघ उमटवू शकतात. मेंदूज्वराची लस घेतलेल्यालाही हे होऊ शकतं. झिका म्हणजे ब्राझीलची गोष्ट असंही राहिलेलं नाही. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. आणि होऊन गेला असला तरी चारांपैकी कोणता, हे नेहमीची आयजीजी सांगतच नाही. त्यासाठी विषाणू प्रत्यक्ष वाढवून रुग्णाचं रक्त त्याला रोखतं का ते बघावं लागतं. ते काम संशोधन संस्थांचं. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही.

"निगेटिव्ह आली तर कधी झालाच नाही." आता कार्ड टेस्टच जवळून बघू. प्लॅस्टिकची छोटी पट्टी. खाचेत सीरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा) थेंब, वर बफर या द्रावाचे दोन-चार थेंब, मग पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची. 'सी'ची रेघ (कार्ड नीट चाललं याची खूण) आलीच पाहिजे, नाही आली तर कार्ड फेकायचं. 'जी' म्हणजे आयजीजी, 'एम' म्हणजे आयजीएम, ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी; त्यांच्या जागी कधी ठळक रेघ येते, कधी इतकी पुसट, की ट्यूबलाइटखाली कार्ड तिरपं धरून दोघांनी बघावं लागतं. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ धरत नाहीत. आता खरी गंमत: बाजारातल्या काही कार्डांची 'जी'ची रेघ मुद्दाम अशी बसवलेली असते, की दुसऱ्या संसर्गात आयजीजी झपाट्यानं चढते तेव्हाच ती दिसावी. जुन्या, शांत बसलेल्या आयजीजीला ते कार्ड दाद देत नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी डेंग्यूनं आठवडाभर अंथरुणात काढलेला माणूसही या कार्डावर निगेटिव्ह येऊ शकतो. एलायझा या लॅबमधल्या यंत्रावर होणाऱ्या टेस्टचं तंत्र वेगळं, पण मेसेज वाचून येणाऱ्याला कार्ड आणि एलायझा यांतला फरक कोण समजावणार?

तरी ही टेस्ट निरुपयोगी नाही. एका ठिकाणी तिच्यावाचून घात झाला. फिलिपिन्समध्ये २०१६ साली शाळांतून डेंगव्हॅक्सिया ही लस द्यायला सुरुवात झाली, आठ लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. लस त्यांच्या शरीरात जणू पहिल्या संसर्गाची जागा घेत होती. मोहीम थांबली. मग जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की आधी अँटिबॉडी तपासा, आधी होऊन गेलेल्यांनाच लस द्या. म्हणजे अँटिबॉडीनं सांगायचं ते एवढंच: याची डेंग्यूशी गाठ पडली आहे की नाही.

मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक गोवर आणि कोविड असावेत. गोवर एकदा झाला की जन्माची निश्चिंती, हे खरंच आहे. कोविडच्या काळात आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) देशभरात ७० जिल्ह्यांत अँटिबॉडी तपासल्या, त्यात आपला सांगली जिल्हाही होता. जून-जुलै २०२१ च्या फेरीत देशात ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. झालं, संपला कोरोना, असं चौकाचौकात बोललं गेलं. सहा महिन्यांत ओमायक्रॉन आला आणि त्याच अँटिबॉडीवाल्यांना ताप, खोकला झाला. लागण अडली नाही, पण पुष्कळांचा आजार हलका राहिला. कोविडमध्ये निदान एवढं तरी पदरात पडलं.

डेंग्यूचंही असं सर्वेक्षण झालंय. २०१७-१८ मध्ये ५ ते ४५ वयाच्या लोकांची आयजीजी तपासली, तर ४८.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले. मेसेज खरा असता तर निम्मा देश तेव्हाच सुटला असता. दर पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांनी भरणारे वॉर्ड बघा आणि ठरवा.

एक पुरवणी ओळ हल्ली जोडलेली दिसते: "पॉझिटिव्हवाल्यांनी मच्छरदाणीचं टेन्शन घेऊ नये." हिच्यावर फार वेळ घालवत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. सांगलीत पावसाचं पाणी गच्चीवरच्या टायरात साचतं, जत-आटपाडीकडे पाण्याच्या टंचाईनं घरोघर बॅरल भरून ठेवतात. डासाला दोन्ही चालतं. आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात ते पॉझिटिव्हवाल्यांच्या घरालाही लागू आहे.

टेस्ट करून बसलेल्यांनी रिपोर्ट फेकू नका, फाइलला लावा. ताप आला की डॉक्टरांना तो दाखवा आणि आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही सांगा. याचं एक कारण फार लोकांना माहीत नसतं: दुसऱ्या वेळच्या डेंग्यूत एनएस-१ टेस्ट (रक्तातलं विषाणूचंच प्रथिन शोधणारी) लवकर निगेटिव्ह होऊ शकते, आणि आयजीएम कधी कधी दिसण्याइतकी चढतही नाही. "रिपोर्ट निगेटिव्ह आहे, व्हायरल असेल" म्हणून घरी परतलेला माणूस अशा वेळी चुकू शकतो. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, अस्वस्थपणा किंवा गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. ब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिन नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.