'एसएमबी-१ चालू करा' म्हणे!

ऑफिसातला सर्व्हर बदलला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक मेसेज हटकून फिरत येतो. मजकूर थोडक्यात असा: 'नवीन सर्व्हरवर जुनं फॉक्सप्रो किंवा अ‍ॅक्सेस (दोन्ही नोंदी ठेवायचे डेटाबेस प्रोग्राम) चालत नसेल तर एसएमबी-१ चालू करून रीस्टार्ट करा. डेटाच्या फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल (म्हणजे कुणालाही सगळी मुभा) द्या. अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद ठेवा. तरीही अडलं तर समजा, ६४ बिट सर्व्हरवर फॉक्सप्रो चालतच नाही.'

सुरुवात एसएमबी-१ पासून. एसएमबी म्हणजे विंडोज मशीनं नेटवर्कवर फाइली देण्याघेण्यासाठी आपसात बोलतात ती भाषा, आणि एसएमबी-१ ही तिची जुनी आवृत्ती. दोन विंडोज मशीनं जोडली जाताना दोघांनाही येणारी सगळ्यात नवी आवृत्ती निवडली जाते. सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० आपसात ३.१.१ मध्येच बोलणार. तुम्ही एसएमबी-१ चालू केलंत तरी त्याला तिथे कुणी विचारत नाही. खात्री करायची असेल तर शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) उघडा ठेवून क्लायंटवर, म्हणजे टेबलावरच्या मशीनवर, पॉवरशेल या कमांडच्या खिडकीत 'गेट-एसएमबीकनेक्शन' चालवा. 'डायलेक्ट'च्या रकान्यात आवृत्ती दिसते.

मग 'आमच्याकडे तर चाललं' असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्याचं काय? मेसेजातला रीस्टार्ट विसरू नका. अडकून पडलेल्या फाइली सुटल्या, जुने लॉक गेले आणि श्रेय एसएमबी-१ ला मिळालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. बदल्यात दार मात्र उघडं राहिलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी-१ मधल्या भोकातून, आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ऑफिसात एखादं एक्सपी मशीन असेल, तर त्याला एसएमबी-१ शिवाय काही येत नाही, हे खरं. पण मग ते मशीन हलवा. एका म्हाताऱ्या मशीनसाठी अख्ख्या सर्व्हरची कडी कशाला काढायची?

मेसेज लिहिणाऱ्याला एक खरी तक्रार मात्र दिसली असावी. एका टेबलावर पावती टाकली, शेजारच्या टेबलावर ती लगेच दिसत नाही. किंवा इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडतो. याचं मूळ बऱ्याचदा कॅशमध्ये, म्हणजे मशीनने हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या माहितीत असतं. एसएमबी-२ पासून क्लायंट फाइलीची माहिती आणि फोल्डरची यादी १० सेकंद, तर 'ही फाइल नाही' हे उत्तर ५ सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो. जुने प्रोग्राम 'कुणीतरी काम करतंय' हे कळवायला एक छोटी फाइल तयार करायचे. ती तयार झाली तरी दुसऱ्या मशीनला पाच सेकंद ती नाहीच असं वाटू शकतं, आणि तेवढ्यात दोघंही आत शिरतात. क्लायंटच्या रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे असतात तिथे) लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये या तिन्ही मुदती शून्य करता येतात. नेटवर्कवरचे फोल्डर थोडे मंद उघडतील, पण जमाखर्च जुळेल.

दुसरी गोष्ट लीझिंगची. फाइलीचा काही भाग क्लायंटने आपल्याकडे राखून ठेवायची ती सोय. विंडोज १० ची १८०३ आवृत्ती आल्यावर अ‍ॅक्सेसच्या फाइली बिघडू लागल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच फाइल जिथे ठेवली आहे त्या मशीनवर लीझिंग बंद करायला सांगितलं होतं. जुन्या एसएमबी-१ च्या काळात ऑपलॉक (अशीच, पण जुनी सोय) बंद करायची रजिस्ट्री की असे. ती एसएमबी-२ ला लागू होत नाही, त्यामुळे 'की टाकूनही फरक नाही' म्हणून लोक पुन्हा एसएमबी-१ कडे पळतात.

आता एव्हरीवन फुल कंट्रोल. आधी 'नेट यूज' या कमांडने ड्राइव्ह जोडून एरर बघा. ५ आला तर परवानगीचा प्रश्न, ५३ आला तर सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही; तिथे परवानग्या वाटून काय होणार? परवानगी शेअरवरही असते आणि एनटीएफएसवरही (डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेवर), आणि दोन्हींपैकी कडक ती लागू होते. अ‍ॅक्सेसला त्याच फोल्डरमध्ये लॉकची फाइल तयार करून पुसावी लागते, म्हणून नुसतं वाचन-लेखन पुरत नाही. पण शेअरवर 'चेंज' आणि एनटीएफएसवर 'मॉडिफाय' दिलं की भागतं, तेही ठरावीक ग्रुपला. फुल कंट्रोल म्हणजे परवानग्या बदलण्याचीही मुभा. आणि कृपया 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' सुचवू नका: तुम्ही साध्या लॉगिनने जोडलेला एफ ड्राइव्ह त्या प्रोग्रामला सहसा दिसतच नाही.

अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही. डेटाचं फोल्डर स्कॅनमधून वगळा, बाकी चालू राहू द्या. फायरवॉलचंही तेच, फाइल शेअरिंगचा नियम पुरेसा आहे.

राहता राहिलं ६४ बिट. प्रोग्राम क्लायंटवर चालतो, सर्व्हर फक्त डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइली सांभाळतो. तो किती बिटचा आहे याच्याशी त्या फाइलींना देणंघेणं नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला, तरी ते ३२ बिटचं असल्याने ६४ बिट विंडोजवर चालतं. डॉसवरचं फॉक्सप्रो २.६ मात्र ६४ बिट क्लायंटवर थेट चालत नाही, त्याला डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्ससारखं काही लागतं. एका पतसंस्थेत मेसेजातल्या शेवटच्या वाक्यावर विसंबून नव्या सॉफ्टवेअरची कोटेशनंही मागवून झाली होती. मी जाऊन बघितलं तर एरर ५३. प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलीत जुन्याच सर्व्हरचं नाव होतं. नोटपॅडमध्ये उघडून ते बदललं.